लॉर्डांचे वाडे बघायला आपण पैसे का मोजतो?

मिडलंडची_मैना

पुढच्या महिन्यात आमचं नॅशनल ट्रस्टचं (इथले जुने वाडे आणि मोकळ्या जागा जपणारी संस्था) फॅमिली सदस्यत्व संपतंय आणि या वेळी मी वर्गणी भरणार नाहीये. नवऱ्याला पटलेलं नाही, म्हणून इथे विचारते. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत फिरावं, बागा बघाव्यात, पक्षी बघावेत, पण लॉर्डांचे वाडे बघायला आपण तरी पैसे मोजू नयेत, असं माझं म्हणणं आहे.

ठिणगी पडली केडलस्टन हॉलला. डर्बीजवळचा लॉर्ड कर्झनच्या घराण्याचा वाडा. आई नाशिकहून आली होती, तिला हौसेने घेऊन गेलो. आत शिरल्या शिरल्या अलाबास्टरच्या २० उंच खांबांचं दालन. आई म्हणाली, "देवळासारखं आहे गं. पण देव कुठाय?"

तिथे कर्झनने हिंदुस्थानातून आणि आशियातून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यात लेडी कर्झनचा तो प्रसिद्ध मोरपिशी पोशाख, १९०३ च्या दिल्ली दरबारात घातलेला. दिल्लीच्या कारागिरांनी जरीने अख्ख्या कापडावर मोरपिसं भरली, पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याच्या पंखाचा हिरवा तुकडा बसवला, आणि मग ते कापड पॅरिसला जाऊन शिवून आलं. माझी आई येवल्याची, आजोबांच्या घरी माग होता. ती काचेशी वाकली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मला वाटलं गुडघा दुखतोय. तर म्हणाली, "मागची बाजू दिसत नाहीये. काम मागून कळतं."

पोशाख शिवणाऱ्या पॅरिसच्या वर्थ घराण्याचं नाव राहिलं. सुई धरणाऱ्या हातांपैकी एकाचं तरी नाव कुणी सांगेल का मला?

आणि हा काही माझा कांगावा नाही. वसाहती आणि गुलामगिरीच्या पैशाशी आपल्या ९३ जागांचं नातं आहे, हे ट्रस्टने स्वतःच २०२० च्या अहवालात लिहिलंय. मग त्या छपरांची डागडुजी माझ्या वर्गणीतून का व्हावी? त्यापेक्षा केंब्रिजजवळ विकन फेनला जावं. नुसतं पाणी, वेत आणि पक्षी. तिथे कुणाचा दरबार नाही.

चहाबिस्किट

वाडा बघायला कोण जातं हो? घरात तीन वर्षांचं पोर आणि व्हीलचेअरवरचे सासरे असले की स्वच्छ टॉयलेट, सपाट वाट आणि गरम स्कोन, एवढ्यासाठीच ते कार्ड असतं. इतिहास सासरे सांगतात, तोही पानिपतचा.

पाणकावळा

मैनाताई, पोशाखाबद्दल एक शब्द बोलत नाही, तो मीही बघितलाय. पण "तिथे कुणाचा दरबार नाही" इथे अडलो.

विकन फेनमधली पहिली २ एकर जागा ट्रस्टने १८९९ मध्ये १० पौंडांना घेतली. त्याच्या तीन वर्षं आधी ससेक्समधलं आल्फ्रिस्टनचं जुनं, गवताने शाकारलेलं पाद्र्याचं घर घेतलं, तेही १० पौंडांनाच. १८९५ मध्ये ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी ट्रस्ट काढला तेव्हा लॉर्डांचे महाल त्यांच्या डोक्यातही नव्हते. शहरातल्या गरिबांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी, हे ऑक्टाव्हियाबाईंचं वेड. महाल आले ते १९३७ च्या कायद्यानंतर. वारसाकर परवडेना, तेव्हा वाडा ट्रस्टला द्यायचा आणि घराण्याने आतच राहायचं, अशी सोय निघाली.

आता पाणी आणि वेताकडे या. हा सगळा मुलूख एकेकाळी दलदलीचा. लोक वाम धरत, वेत कापत, उन्हाळ्यात गुरं चारत. कुणाच्या सातबाऱ्यावर नसलेली, पण सगळ्यांची जागा. १७ व्या शतकात बेडफर्डच्या अर्लने भागीदार जमवले, डच अभियंता व्हर्मायडनला आणलं, कालवे खणून पाणी काढलं आणि निघालेली जमीन आपसात वाटून घेतली. गावकऱ्यांनी बांध फोडले, मारामाऱ्या झाल्या. शेवटी हरले गावकरीच.

पाणी गेल्यावर खालची पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) सुकली, आकसली आणि जमीन खचत गेली. याच मुलखातल्या होम फेनला एक लोखंडी खांब आहे. १८५१ मध्ये तो माथा जमिनीला टेकेल असा पुरला होता. आज त्याच्याशेजारी उभं राहिलात तर माथा बघायला मान मागे टाकावी लागते, जवळजवळ ४ मीटर वर आलाय. खांब हललेला नाही, जमीन खाली गेली. विकन फेन न खचता राहिलं, म्हणून ते आज आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच आहे आणि तिथे पाणी मुद्दाम धरून ठेवावं लागतं. वेत-लव्हाळं कापलं नाही तर झुडपं माजतात, म्हणून माणसं कापतात, शिवाय तट्टं आणि गुरं चरायला सोडलीत. तुम्ही ज्याला निसर्ग म्हणताय तोही एक वाडाच आहे. त्याच्याही छपराला डागडुजी लागते.

थेम्सकाठचा

धागाकर्तीशी असहमत. कर्झनवर राग ठीक, १९०५ ची बंगालची फाळणी कुणी विसरू नये. पण त्याच कर्झनने मरगळलेल्या पुरातत्त्व खात्यात जीव आणला आणि १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा केला. इकडे ससेक्समधला बोडियमचा किल्ला स्वतःच्या पैशाने विकत घेतला, डागडुजी केली आणि १९२५ मध्ये मरताना ट्रस्टला देऊन टाकला. माणूस एकरंगी नव्हता.

कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) कुणाच्या नकाशावरून बांधलंय? केडलस्टनच्याच. वेलस्लीने ते १८०३ मध्ये पुरं केलं, आणि पुढे कर्झन व्हाइसरॉय म्हणून आपल्याच घराच्या नकलेत राहायला गेला. आज तिथे आपला राज्यपाल राहतो. तेही पाडायचं का?

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. पण पुण्याच्या पेठांतले वाडे बिल्डरला कुणी दिले? आपणच. इथले लोक निदान छप्पर शाबूत ठेवतात.

मिडलंडची_मैना

पाडा असं मी कुठे म्हटलं? वर्गणी भरणार नाही म्हटलं. एवढंही म्हणायचं नाही का?

(शिवाय इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात शेकडो वाडे पाडले गेले. बिल्डर फक्त पेठांत नसतात.)

पाणकावळा, तो खांब मला माहीत नव्हता. मुद्दा लागला. पण फरक आहे. फेनमध्ये फलाटासारख्या लाकडी वाटेवरून चालताना कुणी मला 'बघा आमचं वैभव' म्हणत नाही.

गडवाट

मला दोन्ही बाजूंचं अर्धंच पटतंय. वाडा आणि माळरान वेगळे काढताच येत नाहीत, आधी मालक बघा.

पीक डिस्ट्रिक्टमध्ये चॅट्सवर्थ आहे, डेव्हनशरच्या ड्यूकचं. (ते ट्रस्टचं नाही, वेगळं तिकीट, आणि ते चांगलंच चावतं.) मँचेस्टर-शेफील्डच्या मधलं किंडर स्काउटचं पठार याच ड्यूकच्या ताब्यात होतं. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं, बाकी वर्षभर राखणदार. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो तरुण, बरेचसे कारखान्यांत राबणारे, ठरवून त्या पठारावर घुसले. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. गुन्हा काय, तर रविवारी डोंगर चढले.

तो किंडर १९८२ पासून ट्रस्टकडे आहे. तुमची वर्गणी केडलस्टनच्या खांबांना जाते, तशी तिकडेही जाते. ती वाटून भरता येत नाही. २००२ मध्ये तेव्हाच्या ड्यूकने आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, ७० वर्षांनी का होईना.

आपल्याला गडावर कुठूनही चढायची सवय. इथे पायवाट सोडली की बहुतेक ठिकाणी दुसऱ्याची हद्द. २००० च्या कायद्याने मोकळं फिरायचा हक्क दिला तो माळरानं आणि डोंगरांपुरता, इंग्लंडच्या साधारण ८ टक्के जमिनीवर. उरलेल्याचं काय, यावर धागा काढा, मी पहिला येतो.

थेम्सकाठचा

म्हणजे वर्गणी भरायचीच. माझंच म्हणणं.

गडवाट

तुमचं म्हणणं 'छप्पर शाबूत आहे, आभार माना' असं होतं. माझं तसं नाही. भरा, आणि मग सभासद म्हणून भांडा. ट्रस्टच्या वार्षिक सभेत सभासदांना मत असतं.

मिडलंडची_मैना

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो लगेच कार्ड काढायला उठला, त्याला म्हटलं थांब जरा.

कालच आईशी बोलणं झालं. तिला मी ग्लॉस्टरशरच्या सेझिनकोटचे फोटो पाठवले होते. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचं घर, मुघल धर्तीचं, वर तांब्याचा हिरवा पडलेला घुमट, आणि बागेतल्या पुलाच्या कठड्यावर चक्क नंदी बसवलेत. मला वाटलं, ती चिडेल. तर म्हणते, "पुढच्या खेपेला तिथे ने. नंदी कुणीकडे तोंड करून बसलाय ते बघायचंय."

पाणकावळा

ते घर खाजगी आहे. ट्रस्टचं कार्ड चालणार नाही, आणि ठरावीक दिवशीच उघडतं. तारखा बघून मगच मातोश्रींचं तिकीट काढा.

चहाबिस्किट

व्हीलचेअर जाते का पुलावर?