ग्लोबल हेल्थच्या माहितीपत्रकात यजमान ट्यूटर कुठे असते?

बेरीजवजाबाकी (धागालेखक)

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या नर्सिंग कॉलेजचं ग्लोबल हेल्थचं माहितीपत्रक उघडा. डीनबाई, संचालक, दोन-तीन प्राध्यापक, आणि आफ्रिकेतल्या नाहीतर आशियातल्या एखाद्या दवाखान्याबाहेर हसत उभे असलेले विद्यार्थी. ही मंडळी ज्या कॉलेजात जातात तिथली ट्यूटर, म्हणजे नर्सिंग शिकवणारी शिक्षिका, त्यांना वॉर्ड दाखवते, पेशंटचं बोलणं समजावून देते, त्यांच्या चुका निस्तरते. तिचं नाव मात्र भिंग घेऊन शोधावं लागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. कार्यक्रम खऱ्या अर्थानं यजमान बाजू चालवते. म्हणून पैसा तिच्या हातून खर्च व्हावा, आणि दोन-तीन आठवड्यांच्या विद्यार्थी दौऱ्यांचा मोबदला तिच्या कॉलेजला रोख मिळावा. ते जमत नसेल तर दौरे बंद करा.

उदाहरण मुद्दाम चांगल्यातलं घेतो. इलिनॉय विद्यापीठाचं शिकागोतलं नर्सिंग कॉलेज १९८६ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र. त्या कॉलेजच्या कॅथलीन नॉर आणि मलावीच्या कामुझू नर्सिंग कॉलेजच्या क्रिसी कापोंडा यांनी मिळून एचआयव्ही रोखण्यासाठी ‘म्झाके न्दी म्झाके’ म्हणजे ‘मित्राकडून मित्राला’ हा उपक्रम उभा केला. छोटे गट, ठरलेल्या बैठका, चेवा भाषेत मोकळं बोलणं, आणि बैठक घेणारे तिथलेच आरोग्य कर्मचारी नाहीतर गावातले स्वयंसेवक. लैंगिक संबंधांवर गावात चारचौघांत बोलायचं म्हणजे कुणाला आधी विचारावं लागतं, कोणता शब्द चालतो, बायकापुरुषांना एकत्र कधी बसवायचं, हे शिकागोत बसून कळत नाही. ते कापोंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होतं. पण अशा संशोधनाच्या अनुदानाचा मुख्य करार बहुधा अमेरिकन विद्यापीठाशीच होतो, आणि यजमानाला त्याच्या हाताखालचा पोटकरार मिळतो. माझा आक्षेप तिथे आहे.

शिकागोवाली

असहमत. अमेरिकन बाजूला नुसते फोटो काढणारे बसलेत असा सूर लागलाय तुमचा. याच कॉलेजची गोष्ट करायची तर पुरती करा. बेव्हर्ली मॅकएलमरी यांनी तिथलं जागतिक आरोग्याचं काम बरीच वर्षं सांभाळलं. पण १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यातली प्राथमिक आरोग्य सेवा त्यांनी शिकागोच्याच गरीब वस्त्यांत आणली. वस्तीतल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं आणि परिचारिकांच्या जोडीला दिलं. म्हणजे ‘ग्लोबल’ हे त्यांच्यासाठी विमानात बसून गाठायचं ठिकाण नव्हतं. १९८९ मध्ये डीन झालेल्या मी-जा किम या कोरियात नर्सिंग शिकून आलेल्या. कोरिया-थायलंडच्या परिचारिका या कॉलेजात पीएच.डी. करून परत गेल्या आणि आपापल्या देशात शिकवू लागल्या. मग कोण यजमान आणि कोण पाहुणा?

दुसरं, अनुदानाचा अर्ज लिहिणं, एथिक्स कमिटीच्या मंजुऱ्या मिळवणं, पै-पैचा हिशेब सरकारला देणं हे रात्री जागून कुणीतरी करतं. तीही कार्यक्रमामागचीच माणसं. ती तुमच्या खिजगणतीत नाहीत.

रानवारा

थोडं अवांतर, पण दोघांनाही लागू. अल्मा-आटाचं नाव निघालं म्हणून. त्या जाहीरनाम्याआधी ज्या मोजक्या प्रयोगांकडे जग बघत होतं त्यात आपल्या नगर जिल्ह्यातलं जामखेडचं गावपातळीवरचं आरोग्य काम होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ते सुरू केलं. तिथे परदेशी विद्यार्थी फी भरून शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्य सेविका असतात. धागालेखक मागताहेत तो मोबदला काही स्वप्नातला नाही. मात्र आरोळे दांपत्य स्वतः जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलं होतं, हेही लिहून ठेवा.

जुनी_ट्यूटर

मी जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) मुलींना शिकवते, गाव सांगत नाही. या दौऱ्यांचा त्रास नेमका कसा असतो ते सांगते.

आमच्या मुलींना केस बुकात ठरावीक संख्येनं बाळंतपणं दाखवावी लागतात. प्रत्येक नोंदीवर ट्यूटरची सही. केसेस कमी पडल्या की परीक्षेच्या तोंडावर मुली लेबर रूमबाहेर रात्र रात्र बसून राहतात. अशात परदेशी विद्यार्थिनी आल्या. वरून निरोप, ‘त्यांना बघू द्या.’ टेबलाशी चौघी पाहुण्या, पाचवी मी, आणि जिची पाळी होती ती आमची पोरगी भिंतीला टेकून. केस झाली, पण तिच्या पुस्तकात काय लिहू? तिनं ग्लोव्हजसुद्धा घातले नव्हते. शिवाय टेबलावरच्या बाईला कुणी विचारलं होतं का, एवढे डोळे चालतील का म्हणून?

त्या मुली वाईट नव्हत्या हो. एक तर जाताना रडली. पण मोबदला फक्त कॉलेजच्या खात्यात जमा करून भागणार नाही. आमच्या विद्यार्थिनीची केस आधी, पाहुणी नंतर, हा नियम करारात लिहा.

सदूभाऊ

ट्यूटरताई, तुमचं पटलं, धागालेखकाचं नाही. माझी बायको प्रसूती विभागात इन्चार्ज सिस्टर. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं आणलेला अभ्यासक्रम तिला बाहेरून आलेल्या परिचारिकेनंच शिकवला. पाणी भरलेली बाहुली हातात घेतली की खऱ्या बाळाएवढी जड लागते. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्कनं (तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत) श्वास सुरू करायचा, हे त्या बाहुलीवर हात बसेपर्यंत करून घेतलं. आजही ती नव्या मुलींना तसंच शिकवते. दौरे सरसकट बंद केले असते तर हे कुठून आलं असतं?

बेरीजवजाबाकी

सदूभाऊ, शिकवायला येणारी अनुभवी परिचारिका आणि ‘अनुभव घ्यायला’ येणारी विद्यार्थिनी यांत फरक आहे. मी बंद करा म्हणतोय ते दुसरीचे दौरे, तेही फुकटचे.

पैसा यजमानाच्या हाती दिला की काय होतं ते रवांडानं दाखवलंय. २०१२ मध्ये आरोग्यमंत्री अ‍ॅग्नेस बिनाग्वाहो यांच्या काळात आरोग्य क्षेत्रासाठी माणसं तयार करायचा सात वर्षांचा मनुष्यबळ कार्यक्रम सुरू झाला. तोवर तिथल्या बहुतेक परिचारिका माध्यमिक शाळेच्या पातळीवर शिकलेल्या. अमेरिकन पैसा थेट रवांडाच्या आरोग्य खात्याकडे गेला आणि खात्यानं अमेरिकन मेडिकल-नर्सिंग कॉलेजांशी करार केले. अट अशी की विद्यापीठानं वरखर्चापोटी (कचेरी, हिशेब वगैरेसाठी) ७ टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही. एरवी अमेरिकेत सरकारी संशोधनावर हाच दर कित्येक विद्यापीठांचा ५० टक्क्यांच्या वर असतो! आलेल्या प्राध्यापकाची स्थानिक शिक्षकाशी जोडी लावायची. २०१५ मध्ये रवांडा विद्यापीठात नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, आठ विशेष शाखांचा. दोन आठवड्यांच्या दौऱ्यांतून असं काही उभं राहिल्याचं मला दाखवा.

शिकागोवाली

पुढचंही सांगा ना. २०१७ मध्ये अमेरिकी सरकारच्या एड्स निधीनं (पेपफार) या कार्यक्रमातून अंग काढून घेतलं, मुदत संपायच्या आधीच. मालक कागदावर बदलला तरी नळ वॉशिंग्टनलाच. आणि जोड्या म्हणाल तर एकीकडे वर्षाच्या बोलीवर आलेली, पगाराची काळजी नसलेली प्राध्यापक, आणि दुसरीकडे आधीच तीन माणसांचं काम ओढणारी तिथली शिक्षिका. तिला जोडीला बसायला वेळ कुठला? पैसा कुणाच्या हातात यावर तुम्ही सगळं ढकलताय. वॉर्डात शिकवायला माणूस मोकळा आहे का, हे आधी बघा.

जुनी_ट्यूटर

हे शंभर टक्के. आमच्याकडे मंजूर जागा भरल्या तरी निम्मे प्रश्न मिटतील.

बेरीजवजाबाकी

शिकागोवाली ताई, नळ वॉशिंग्टनला आहे म्हणूनच तर पोटकरार धोक्याचा. मे २०२५ मध्ये संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं (एनआयएच) परदेशी पोटकरार नव्यानं देणं थांबवलं. असा निर्णय आला की शिकागोतल्या प्राध्यापकाचा पगार चालू राहतो आणि मलावीत घरोघर जाऊन माहिती गोळा करणारी बाई घरी बसते.

शिकागोवाली

ते दुखणं खरं आहे. पण ७ टक्क्यांत हिशेब, विमा, प्रवास सांभाळून कोणतं अमेरिकन विद्यापीठ येणार हो?

बेरीजवजाबाकी

रवांडात वीसच्या वर संस्था आल्या होत्या.