मदत हवी आहे: पिंपात मुरलेल्या आंबट बिअरमधला व्हिनेगरचा वास, दोष की स्वभाव?

मंडळी, ओकच्या पिंपात मुरलेली एक वाइल्ड एल (रानटी यीस्ट आणि जिवाणूंनी आंबवलेली बिअर) चाखते आहे आणि एका जागी अडले आहे. आंबटपणाबद्दल शंका नाही. लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते मऊ असतं, जिभेच्या कडांना जाणवतं. ब्रेटॅनोमायसिस यीस्टचा तो तबेल्याचा, वाळक्या गवताचा वास तर मला मनापासून आवडतो. पण ग्लासातली थंडी जरा उतरली की नाकात व्हिनेगर चढतं आणि मागोमाग नेलपॉलिश रिमूव्हरची झाक येते.

लाकडातून हवा हळूहळू झिरपते, अ‍ॅसिटोबॅक्टर या जिवाणूला ती मिळते आणि अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, वाढतं. नेलपॉलिशचा वास इथाइल अ‍ॅसिटेटचा, हेही ठाऊक आहे. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या रेड एल या आंबट बिअरमध्ये थोडं व्हिनेगर शोभतं, बेल्जियमच्याच लँबिक या दुसऱ्या आंबट बिअरमध्ये मात्र ते जास्त झालेलं खटकतं. मग ज्या बाटलीवर फक्त 'वाइल्ड एल' लिहिलंय, तिच्या बाबतीत रेघ कुठे ओढायची?

मी साधारण 10 ते 12 अंश सेल्सिअसला ओतते आणि तळाचा गाळ बाटलीतच ठेवते. ग्लासात थोडा वेळ ठेवल्यावर हा वास उडून जायला हवा का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा, दुसरी बाटली अजून उघडलेली नाही.