शब्दचर्चा : गिटमधली ‘ओळख’, ‘दूरस्थ’ आणि ‘मूळ’

प्रश्न (रत्नागिरी) :
डिप्लोमाच्या मुलांसाठी गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मराठी टिपणं लिहितेय. ‘यूजर.नेम’ आणि ‘यूजर.ईमेल’ या सेटिंग्जना मिळून ‘वापरकर्त्याची ओळख’, ‘रिमोट’ला ‘दूरस्थ भांडार’ आणि ‘ओरिजिन’ला ‘मूळ’ असं लिहिलंय. पटतं का?

उत्तर (मालवण) :
ताई, ‘ओळख’ नको. मुलांना ते लॉगिन वाटतं. इथे गिट पासवर्ड विचारत नाही की नाव पडताळत नाही; लिहाल ते कमिटवर, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीवर, उमटतं. होडीवर मालकानं रंगवलेलं नाव वेगळं आणि खात्यानं दिलेला नोंदणी क्रमांक वेगळा. यूजर.नेम हे रंगवलेलं नाव. सर्व्हरवर पुश करू (कमिट पाठवू) द्यायचं की नाही ते एसएसएच की किंवा टोकन या प्रवेशाच्या गुप्त किल्ल्यांवर ठरतं. म्हणून ‘लेखकाचं नाव आणि ईमेल’ असं सरळ लिहा. ‘स्वाक्षरी’ही टाळा, कारण कीनं कमिटवर सही करण्याची सोय गिटमध्ये वेगळी आहे.

टिपणात एक गोष्ट ठळक हवीच. लॅबमध्ये सगळी मुलं एकाच खात्यावर बसत असतील, तर नाव नोंदवणाऱ्या ‘गिट कॉन्फिग’ आज्ञेला ‘--ग्लोबल’ लावू देऊ नका. ते नाव त्या खात्याच्या होम फोल्डरमधल्या ‘.गिटकॉन्फिग’मध्ये बसतं आणि दुपारच्या बॅचचं काम सकाळच्या मुलाच्या नावावर जातं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘--ग्लोबल’शिवाय दिलेलं नाव तेवढ्या रेपोपुरतं (भांडारापुरतं) राहतं आणि ग्लोबलपेक्षा तेच धरलं जातं. नंतर नाव बदललं तरी जुने कमिट तसेच राहतात. शेवटचा एक कमिट ‘गिट कमिट --अमेंड --रिसेट-ऑथर’नं दुरुस्त होतो, पण त्याचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) बदलतो, पुश करण्याआधीच करायला सांगा.

उत्तर (दापोली) :
‘दूरस्थ’बद्दल. रिमोट लांबच असायला हवा असं नाही. त्याच संगणकावरचा दुसरा फोल्डर किंवा पेनड्राइव्हवरचा बेअर रेपोही (ज्यात फक्त गिटच्या नोंदी असतात, कामाच्या फायली उघड्या नसतात असा) रिमोट म्हणून जोडता येतो. पावसात नेट गेलं की आम्ही तसंच करतो: ‘गिट रिमोट ॲड पेन’, पुढे त्या फोल्डरचा पत्ता, मग ‘गिट पुश पेन मेन’ (‘पेन’ हे आम्ही दिलेलं नाव, ‘मेन’ ही कामाची शाखा). मी ‘रिमोट’ शब्द तसाच ठेवून ‘जोडलेलं भांडार’ असा खुलासा देईन.

प्रश्नकर्ती :
‘रिमोट’ ठेवते. पण ‘ओरिजिन’ म्हणजे तर मूळच ना?

उत्तर (मालवण) :
क्लोन केल्यावर, म्हणजे रेपोची प्रत आपल्या संगणकावर उतरवल्यावर, जिथून रेपो घेतला त्या पत्त्याला गिट आपणहून ‘ओरिजिन’ नाव देतं, एवढंच. ‘गिट रिमोट रिनेम’नं ते बदलताही येतं. खरा घोळ फोर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टची सर्व्हरवर स्वतःच्या खात्यात प्रत घेताना, होतो. मुलीनं दुसऱ्याचा प्रोजेक्ट फोर्क करून तो क्लोन केला, तर तिचा ओरिजिन म्हणजे सर्व्हरवरची तिची स्वतःची प्रत. ज्याला आपण मूळ म्हणू, तो प्रोजेक्ट रिवाजानं ‘अपस्ट्रीम’ या नावानं वेगळा जोडावा लागतो. तुमच्या टिपणाप्रमाणे ती ‘मूळ’वर पुश करायलाच घाबरेल. ओरिजिन, अपस्ट्रीम ही विशेषनामं समजून तशीच ठेवा आणि ‘गिट रिमोट -व्ही’ चालवून कुठलं नाव कुठल्या पत्त्याला लागलंय ते मुलांनाच वाचू द्या.