वापरलेली टू-स्ट्रोक क्वाड बाइक : ‘नुकतेच इंजिनकाम झाले आहे’ या शब्दावर किती विसंबावे?

कच्चीवाट :

नमस्कार. मी २००१ सालची यामाहा ब्लास्टर ही वापरलेली क्वाड बाइक (कच्च्या वाटेवर चालवायची चारचाकी बाइक) घेण्याच्या विचारात आहे. इंजिन १९५ सीसीचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक आहे. दोन महिन्यांपूर्वीच सिलिंडर बोअर करून (आतून कातून) नवा पिस्टन आणि नवीन रिंगा टाकल्याचे विकणाऱ्याने सांगितले. मी गाडी चालवून पाहिली. थंड असताना ती तिसऱ्या किकला सुरू झाली आणि पिकअपही चांगला वाटला. मात्र पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन तापल्यावर थ्रॉटलवरून अंगठा काढला तरी रेस लगेच उतरत नव्हती, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळत होती. कार्ब्युरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू थोडा फिरवला की हे ठीक होईल, असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे. आजवर मी फक्त फोर-स्ट्रोक गाड्या वापरल्या असल्यामुळे हे कितपत गंभीर आहे याचा मला अंदाज येत नाही. घेण्यापूर्वी काय तपासावे आणि घेतल्यावर निगा कशी राखावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर :

रेस रेंगाळते हे आपण नोंदवले, ते फार महत्त्वाचे आहे. प्रथम थ्रॉटलची केबल तपासा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवल्यावर रेस बदलत असेल, किंवा केबल आतून गंजून अडकत असेल, तर दोष किरकोळ आहे. केबल मोकळी असूनही रेस उतरत नसेल, तर इंजिन कार्ब्युरेटरला चुकवून दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने हवा ओढत आहे असे समजून चालावे.

फोर-स्ट्रोकच्या सवयीमुळे ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. टू-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या खालच्या कप्प्यात) येते आणि तिथे दाबले जाऊन मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा पंपच आहे, आणि तो हवाबंद राहतो तो क्रँकच्या दोन बाजूंच्या ऑइल सीलमुळे. ब्लास्टरचे उत्पादन १९८८ ते २००६ या काळात झाले, त्यामुळे मूळ सील अजून बदललेले नसतील तर त्यांचे रबर एव्हाना कडक झालेले असणार. मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचा सील गळू लागला की त्यातून कोरडी हवा आत येते, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापते. क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअर ऑइल आत खेचले जाते. मग पांढरा धूर सुटतो आणि बाहेर एक थेंबही न सांडता गिअरबॉक्समधील ऑइल कमी होत जाते. स्क्रू फिरवून मंद गतीवरचे लक्षण झाकता येते, पण थ्रॉटल पूर्ण उघडून चढ चढताना आत जाणारी फाजील हवा तशीच राहते, आणि पिस्टन वितळतो तो नेमका तेव्हाच.

म्हणून ‘नुकतेच इंजिनकाम झाले आहे’ हे ऐकून माझा विश्वास वाढत नाही. आधीचा पिस्टन का गेला, हा प्रश्न विकणाऱ्याला अवश्य विचारा, आणि शक्य असल्यास तो जुना पिस्टन पाहायला मागा. एक्झॉस्टच्या बाजूची वरची कड वितळल्यासारखी असेल तर हवा जास्त जात होती किंवा इग्निशनचे टायमिंग चुकले होते. इनटेकच्या बाजूला खालपर्यंत बारीक ओरखडे असतील तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली होती. चार ठिकाणी उभे घासल्याच्या खुणा असतील तर एक तर बोअर घट्ट झाला होता, किंवा इंजिन गरम होऊ न देताच गाडी ताणली गेली होती. मूळ कारण दूर न करता टाकलेला नवा पिस्टनही जुन्याच वाटेने जातो.

तपासण्या दोन कराव्यात. पहिली कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेजचा काटा थांबेपर्यंत किक मारावी. १२० पीएसआय (दाबाचे एकक) किंवा त्याहून जास्त आकडा आला तर ठीक. १०० च्या खाली आला तर ‘नव्या’ पिस्टनचे म्हणणे खरे मानू नये. पण हा आकडा फक्त रिंगा आणि सिलिंडर यांच्याविषयी सांगतो. सीलबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यासाठी हवेची गळती तपासावी लागते. पिस्टन सर्वांत खाली ठेवून इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करायचे, हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटे काटा पाहायचा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतार पडत असेल तर गळती आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुड्यांवरून जागा सापडते. दाब याहून फार वाढवू नये, कारण चांगले सीलही त्याने जागचे हलू शकतात.

रीडव्हॉल्व्ह :

वरील प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे. ऑइलबद्दल थोडी भर घालतो. ब्लास्टरमध्ये मुळात स्वतंत्र ऑइल टाकी आणि पंप असतो, परंतु अनेक जण पंप काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. आपण पाहिलेल्या गाडीत पंप आहे की नाही, हे स्वतः डोळ्यांनी पाहून घ्या. पंप नसताना साधे पेट्रोल भरले गेले, तर इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. पंप काढलेला असेल तर ३२ ला १ हे प्रमाण चांगले. म्हणजे ५ लिटर पेट्रोलला सुमारे १५६ मिली ऑइल.

‘ऑइल जास्त घातले की इंजिन जास्त सुरक्षित’ हा समज मात्र पुरता खरा नाही. ऑइल वाढले की त्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या मिश्रणातले पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणून प्रमाण बदलल्यास जेटिंग (जेटचे माप) पुन्हा पाहावे लागते. ऑइल जॅसो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचे वापरावे. टीसी-डब्ल्यू३ हे बोटींच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे ऑइल आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ते घालू नये. गिअरबॉक्सचे ऑइल पूर्णपणे वेगळे असते, आणि क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे तिथे जॅसो एमए दर्जाचे ऑइल हवे.

चिखलचाक :

इंजिनाच्या नादात चासी विसरू नका, एवढेच मी म्हणेन. मागचा भाग उचलून चाक हाताने फिरवा आणि एक्सल वाकडा फिरतो का ते पाहा. मग चाक वर-खाली हलवून एक्सलच्या व स्विंग आर्मच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या हलत्या चौकटीच्या) बेअरिंगमधला खेळ तपासा. पुढे बॉल जॉइंट, टाय रॉडची (स्टिअरिंगच्या दांड्यांची) टोके आणि ए-आर्म (पुढची चाके धरणारे दांडे) जिथे फ्रेमला जोडतात तिथले वेल्डिंग नीट पाहा; ताज्या रंगाखाली तडे लपवलेले असू शकतात. २००३ पूर्वीच्या ब्लास्टरला पुढे ड्रम ब्रेक असतात. पाण्या-चिखलातून फिरल्यावर ते उघडून कोरडे करावे लागतात.

कच्चीवाट :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल विकणाऱ्याच्या परवानगीने एका परिचित मेकॅनिकसह दोन्ही तपासण्या केल्या. कॉम्प्रेशन १२५ पीएसआय आले, म्हणजे पिस्टनचे म्हणणे खरे असावे. परंतु गळतीच्या तपासणीत ६ पीएसआयचा दाब मिनिटभरही टिकला नाही, आणि मॅग्नेटचे कव्हर व चाक काढल्यावर मागच्या सीलभोवती बुडबुडे स्पष्ट दिसले. ऑइल पंप काढलेला आहे. जुना पिस्टन विकणाऱ्याकडे होता. त्याची एक्झॉस्टकडची कड खरोखरच वितळलेली आहे. हे पाहून त्यांनी किंमत कमी करण्याची तयारी दाखवली आहे. फक्त तो एक सील बदलून गाडी वापरता येईल का?

जुना_फिटर :

दोन्ही सील एकदमच बदला, कारण दोघांचे वय सारखेच आहे. मॅग्नेटच्या बाजूचा सील इंजिन न उघडता बाहेरून बदलता येतो. क्लचच्या बाजूला कव्हर उघडून क्रँकचा गिअर काढावा लागतो. त्याच वेळी कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहा. बाजूला थोडा सरकणे स्वाभाविक आहे, पण वर-खाली जराही खेळ जाणवला तर क्रँक दुरुस्त करावा लागेल आणि मग किमतीचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. सिलिंडर उतरवून नव्या पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजूही पाहून घ्या, कारण गेले दोन महिने तो याच गळतीत चालला आहे. सगळे जोडून झाल्यावर सहा मिनिटांची तपासणी पुन्हा करा आणि काटा स्थिर राहिल्यावरच किक मारा.