बोअरच्या पाण्यावर टँकमधी कार्पेट येईल का? २ फुटी टँक, लातूर

गप्पीवाला_लातूर

नमस्कार मंडळी, वाचतो लई दिवसापासून पण लिहायलोय पहिल्यांदाच. टँक २ फूट बाय १ फूट, उंची सव्वा फूट, म्हणजे ६५-७० लिटर पाणी धरा. मासे म्हणजे १२-१३ गप्पी, दोन मॉली अन् एक गोल्डफिश जो भाच्यानं आणून टाकला अन् आता परत न्यायला तयार नाही. मला तळाला हिरवंगार गवत, म्हणजे कार्पेट, पाहिजे, ते जपानी टँकचे फोटो असतेत ना, तसं.

तर झालं असं, मार्चमधी ऑनलाइन कार्पेटचं बी मागवलं. पाकिटावर लिहिलतं फक्त पसरा अन् आठ दिवसात हिरवळ. मासे टबमधी काढले, वाळू ओली करून बी पसरलं, अन् खोटं नाही बोलत, पाचव्या दिवशी उगवलं बी. स्टेटसला फोटो ठेवला, दोन मित्र घरी येऊन बघून गेले. मग पाणी भरलं अन् पंधरा दिवसात सगळं पिवळं पडून सडलं, वास असा सुटला की आजी म्हणली हे आधी अंगणात नेऊन ठेव.

आता परत करायचंय पण नीट विचारून. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९४०. नळाला आठ दिवसाआड येतं ते प्यायलाच पुरत नाही. घरी आरओ आहे, त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत साठतं, ते टँकला वापरू का, फुकटच जायलंय. लाईट १८ वॅटची एलईडी, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड गॅस) वगैरे काही नाही. सध्या मे चालू आहे, दुपारी टँकचं पाणी ३३ वर जायलंय. कार्पेटच्या झाडात एक दुकानदार म्हणतो क्यूबा लाव, दुसरा म्हणतो हेअरग्रास, अन् आजी म्हणती २०१६ ला माणसांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं अन् तुला माशाच्या गवताला पाणी पाहिजे. काय लावू सांगा.

काळी_माती_परभणी

बियाचं वाईट वाटून घेऊ नको, आपण सगळेच फसलोय त्यात एकदा. मॉन्टे कार्लो, क्यूबा, हेअरग्रास ह्यांचं बी पाकिटात घालून कोणी विकत नाही, ही झाडं जेल भरलेल्या कपात नसता छोट्या कुंडीतच मिळतात. त्या पाकिटातलं बी बहुतेक हायग्रोफिलासारख्या पाणथळ झाडाचं असतं, ओल्या वाळूत भसाभस उगवतं, अन् पाण्याखाली गेलं की एकतर सडतं नसता फूटभर उंच होऊन बसतं. कार्पेट काही होत नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी टँकमधी अजिबात घालू नको. बोअरमधले सगळे क्षार त्याच पाण्यात येतेत, मीटर बुडवून बघ, ९४० च्याही बरंच वर दाखवंल. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला ठीक. उलट आरओचं चांगलं पाणी दोन भाग अन् बोअरचं एक भाग असं मिसळ, हिशोबानं सव्वातीनशेच्या आसपास टीडीएस येईल. घरच्या आरओला जमत नसंल तर २० लिटरचे जार आण, पण थंडगार जार तसाच ओतू नको, रात्रभर ठेव मग घाल.

झाड कोणतं म्हणशील तर माझ्या मतानं डोळे झाकून ड्वार्फ सॅजिटेरिया. हे आपल्या कडक पाण्याला घाबरत नाही, सीओटू मागत नाही, मुळाजवळून धावत्या फांद्या सोडून पसरत जातं. खोटं सांगत नाही, ते काही मखमली गालिच्यासारखं दिसत नाही, गवतासारखं दिसतं, अन् उजेड कमी पडला की वीतभर वर जातं. पण जगतं. क्यूबाचं पान मोहरीच्या दाण्याएवढं, दिसायला लई देखणं, पण ३३ डिग्रीत बिना सीओटूचं क्यूबा म्हणजे उन्हाळ्यात माळावर द्राक्ष लावल्यासारखं आहे.

अजून एक. पाऊस पडल्यावर पाटाच्या चारीच्या कडेला, तळ्याच्या ओल्या काठाला चार पाकळ्यांचं पान असलेली एक बारीक वेल दिसती, ती मार्सिलिया. फुलझाड नाही ते, नेच्याच्या जातीतलं आहे. लोक विकत आणायलेत अन् आपल्या रानाच्या कडेला फुकट उभं असतं. मी आणून लावलंय. पाण्याखाली गेलं की जुनी पानं गळतेत अन् नवीन पान कधी एक पाकळीचं कधी दोन पाकळीचं येतं, तर मेलं म्हणून उपटू नको. मंद वाढतं, चार-पाच महिने धर. फक्त फवारणी झालेल्या वावराजवळचं घेऊ नको, अन् आठ दिवस वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदल, गोगलगायीची अंडी चिकटलेली असतेत.

बिनकामाचा_इंजिनियर

गोल्डफिश आधी काढ. बाकी चर्चा नंतर. काय बी लाव, तो रात्रीतून उपटून वर तरंगत ठेवंल.

टँकवेडी_संभाजीनगर

सॅजिटेरियाबद्दल दादा बरोबर आहेत पण प्रश्नकर्त्याला फोटोतलं कार्पेट हवंय, आणि २ फुटी टँकमध्ये वीतभर वाढलेलं सॅजिटेरिया म्हणजे पुढच्या काचेवर पडदाच. मी मॉन्टे कार्लो म्हणेन. अर्जेंटिनातलं झाड, पान क्यूबापेक्षा जरा मोठं, पण त्या मानाने खूपच समजूतदार. सोबत एका कोपऱ्यात मिनी हेअरग्रास.

आणि खरं सांगू का, तुमची चूक झाडापेक्षा महिन्यात आहे. मे महिन्यात कार्पेट लावूच नका. पाणी जितकं गरम तितका त्यात गॅस कमी विरघळतो, सीओटू पण आणि ऑक्सिजन पण, झाडाची भूक मात्र वाढलेली असते. शिवाय कुरियर. मी एकदा मुंबईहून एप्रिलमध्ये तीन कप मागवले, तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर शिजवलेला पालक.

पाऊस सुरू झाला की ड्राय स्टार्ट करा. म्हणजे टँकमध्ये पाणी भरायचंच नाही, माती नुसती ओली, पाणी वर साचलेलं नको. कपातली जेल धुवून काढायची, झाडाचे नखाएवढे तुकडे करायचे आणि चिमट्याने दीड-दोन सेंटीमीटरवर रोवायचे. एकच मोठा गठ्ठा ठेवला तर पसरतच नाही, तुकडे कराच. वरून पन्नी लावायची, दिवसातून एकदा दहा मिनिटं उघडून हवा द्यायची नाहीतर बुरशी येते, स्प्रेने ओल ठेवायची, लाईट १० तास. हवेत सीओटू झाडाला आयता मिळतो म्हणून सिलेंडर नसला तरी चालतं. सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात, मग हळूहळू पाणी भरायचं. तुमच्या बियाचं पण हेच झालं होतं की, फरक एवढाच की हे झाड पाण्याखाली जगणारं आहे. आणि आपल्याकडे ह्याचा सगळ्यात मोठा फायदा, दोन महिने पाणी बदलायचा प्रश्नच नाही, आजी खूश.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. उन्हाळ्यात पंखा लावून पाणी थंड करतो ना आपण, आपली हवा कोरडी म्हणून तीनेक डिग्री आरामात उतरते, पण पाणी पण तेवढंच उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. मग वरून बोअरचं घातलं की रोज थोडे क्षार वाढत जातात, आणि आपण म्हणतो पाणी तर नेहमीचंच आहे, झाडं का मरायला लागली. उडालेलं पाणी आरओनेच भरा.

गप्पीवाला_लातूर

एवढं कोणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद ताई, दादा. गोल्डफिश मामाच्या शेतातल्या सिमेंटच्या हौदात पाठवायलोय. एक राहिलं, खाली खत म्हणून शेतातली काळी माती घालू का? अन् वर नदीची वाळू, ती पडून आहे घरी.

काळी_माती_परभणी

माझं नाव बघून विचारलंस का रे. काळी माती नको. कापसाला भारी, टँकला नाही. पाणी लागलं की फुगती, चिकट होती, आत हवा जात नाही अन् महिन्याभरात खालून सडक्या अंड्याचा वास. शिवाय आपल्या मातीत बारीक चुनखडी असती, ती पाणी अजून कडक करती. मातीच घालायची तर नर्सरीतली तांबडी माती, चाळून, खत न मिसळलेली, एक इंच, अन् वर दीड इंच वाळू. पैसे असतील तर विकतची अॅक्वासॉइल (टँकच्या झाडांसाठीची तयार माती), एक वेळचा खर्च, कटकट मिटली. वाळू वापरायच्या आधी मूठभर वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाक, फेस आला तर चुनखडी आहे, ती वाळू बांधकामालाच ठेव. अन् चाळून १ ते ३ मिलिमीटरची घे, जाड खड्यात बारीक मूळ धरत नाही.

गोदाकाठी_नांदेड

सगळे क्यूबाच्या मागं लागलेत म्हणून लिहितो. माझ्याकडं टीडीएस ५०० च्या पाण्यात क्यूबा दीड वर्ष झालं आहे. टीडीएस मीटर सगळे क्षार मिळून आकडा दाखवतो, त्यातला कडकपणा किती ते नाही सांगत, त्यासाठी थेंबवाली टेस्ट किट येती. पण माझ्याकडं सीओटूचा सिलेंडर आहे, ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू किती ते रंगावरून दाखवणारी शिशी) हिरवा ठेवतो, अन् खोलीत एसी. एसी माशांसाठी लावला म्हणून बायको अजून बोलती. तर येत नाही असं नाही, खर्चाचं काम आहे.

सिलेंडर नको असंल तर लिंबूसत्व अन् खायचा सोडा मिसळून सीओटू करायची दोन बाटल्यांची किट मिळती, ७० लिटरला पुरती. रात्री बंद करायची. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायलेत असं दिसलं की लगेच बंद करून हवेचा पंप लावायचा. लाईट सुरुवातीला ६ तासच, नसता शेवाळ आधी अन् कार्पेट नंतर. ड्राय स्टार्टचे १० तास पाणी भरल्यावर तसेच चालू ठेवले की शेवाळाचं कार्पेट होतं, माझं झालतं.

अन् कापलेले तुकडे नदीत, तळ्यात टाकू नका कोणी. इथं गोदावरीत जलपर्णीनं काय केलंय ते बघतोच आम्ही. कचऱ्यात नसता उन्हात वाळवून कुंडीत.

गप्पीवाला_लातूर

अपडेट देतो, ऑक्टोबर चालू आहे. जुलैमधी ड्राय स्टार्ट केलं, मॉन्टे कार्लोचे दोन कप अन् हेअरग्रासचा एक. वाळूला फेस आलता म्हणून अॅक्वासॉइलच घेतली. मासे दोन महिने टबमधी राहिले, गप्पी १२ चे ३० झाले. महालक्ष्म्याला पाहुणे आले तर सगळ्यांनी पन्नी उचलून विचारलं ह्यात कोथिंबीर लावली का. सप्टेंबरच्या मधी पाणी भरलं, आरओ दोन बोअर एक. पहिल्या दहा दिवसात थोडं पिवळं पडलं, माझा जीव वर-खाली, पण नंतर नवीन पान आलं. आता अर्ध्याच्या वर तळ झाकलाय. मार्सिलिया पण आणलं चारीवरून, त्याला दोनच पानं आलीत, ते त्याच्या चालीनं चाललंय. रविवारी काढलेलं पाणी आजी मोगऱ्याला नेती.

एकच विचारायचंय, मधल्या भागात मॉन्टे कार्लो जाड झालंय अन् खालून सुटून वर उचलायलंय. कापायला हात होत नाही. कापू का?

टँकवेडी_संभाजीनगर

काप. वरचा थर अर्धा उडव, खाली उजेड जात नाही म्हणून मुळं सुटतायत. फिल्टर बंद करून काप, नाहीतर तुकडे सगळ्या टँकभर. आणि तुकडे टाकू नको, मला पाठव.

बिनकामाचा_इंजिनियर

हौदातला गोल्डफिश कसा आहे?

गप्पीवाला_लातूर

वीतभर झालाय.