मारबतीच्या व्हिडिओसाठी एआय आणि कीवर्ड किती वापरावेत?

प्रश्न (महाल, नागपूर):
नमस्कार. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीवर (अनिष्ट गोष्टींचे प्रतीक म्हणून मिरवणूक काढून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांवर) मी यूट्यूबसाठी हौसेने व्हिडिओ करीत आहे. जुन्या मिरवणुकीची छायाचित्रे हाती नसल्यामुळे ती एआयकडून तयार करून घ्यावीत का? कीवर्ड सुचवणारे साधन गाजत असलेल्या चित्रपटांची नावे टाकण्यास सांगते, ते कितपत योग्य आहे?

उत्तर (धरमपेठ):
चित्रपटांची नावे कृपया टाकू नका. विषयाशी संबंध नसलेले शब्द देणे हे यूट्यूबच्या दिशाभूलविरोधी नियमांचे उल्लंघन आहे. शिवाय टॅगसाठी (व्हिडिओला जोडायच्या कीवर्डसाठी) एकूण ५०० अक्षरांची मर्यादा असली, तरी शोधात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो आणि लोक एखादे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहितात तेव्हाच ते खरे उपयोगी पडतात. शीर्षकात 'मारबत', 'बडग्या' (मिरवणुकीतील उपहासात्मक पुतळा), 'नागपूर' असे शब्द सरळ लिहा.

उत्तर (इतवारी):
मला चित्रांची अधिक काळजी वाटते. एआयने रचलेली मिरवणूक खरी भासली, तर पाहणारा तिला पुरावा समजेल आणि आपल्या परंपरेची चुकीची प्रतिमा पुढे पसरत राहील. वास्तव वाटणारे कृत्रिम दृश्य असल्यास तसे जाहीर करण्याचे बंधन यूट्यूबने २०२४ पासून घातले आहे. संहितेसाठी किंवा उपशीर्षकांसाठी घेतलेल्या मदतीला ते लागू नाही. माझ्या मते चित्र टाळून वस्तीतील ज्येष्ठांच्या आठवणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चित्रे वगळतो. एआयने लिहिलेल्या संहितेतील प्रत्येक सनावळी मात्र आधी जाणकारांकडून तपासून घेईन.