सी ड्राइव्ह पुसायचा आहे, जुने मराठी फॉन्ट कसे वाचवू?

अक्षरजुळणी_बार्शी:
नमस्कार मंडळी. बार्शीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पानं लावायचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. दुकानातला डेस्कटॉप सहाव्या पिढीचा आय-५ आहे. ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज १०. महिन्याभरापासून सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतो आणि ब्राउजर उघडला की जाहिरातींची पानं आपोआप उघडत सुटतात. अँटीव्हायरस दोनदा फिरवला, पुन्हा तेच. आता फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायचं ठरवलंय, आणि ते मला स्वतःच करायचंय.

कारण सांगते. २०१९ साली विंडोज ७ काढून १० टाकलं तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "डी ड्राइव्हला हात लावत नाही, तुमचं सगळं शाबूत राहील." फाइली राहिल्या, फॉन्ट गेले. श्री-लिपी या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत जुळवलेल्या पेजमेकरच्या (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली उघडल्या तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. एका निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह होता, १४० पानांचा. त्यातला एक फॉन्ट मला पुन्हा कुठेच मिळाला नाही. सगळी जुळणी दुसऱ्या फॉन्टात नव्याने केली. गुरुजी रागावले नाहीत, नुसतं "बरं" म्हणाले. ते अजून मनातून जात नाही.

तर फॉन्ट नक्की कुठून कुठून उचलायचे? विंडोजची की (विंडोज अस्सल असल्याचा कोड) लागेल का? बिल सापडत नाहीये. आणि हार्ड डिस्क चुकून पुसली जाऊ नये म्हणून काय करू?

कॅबिनेट_उघडा:
ताई, फॉन्ट दोन ठिकाणी असतात आणि दुसरं ठिकाण बहुतेकांना माहीतच नसतं. पहिलं म्हणजे सी ड्राइव्हवर विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, फॉन्टवर डबल-क्लिक करून नुसतं इन्स्टॉल दाबलं की तो फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. तो जातो यूझर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात, तिथून अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, आधी व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक करा. खूप जुने फॉन्ट असतील तर प्रत्येकाच्या पीएफबी आणि पीएफएम अशा दोन्ही फाइली घ्या, एकट्या फाइलीचा उपयोग नाही.

उचललेले फॉन्ट दुसऱ्या मशीनवर टाकून अक्षरं दिसतात का ते पाहा. मगच फॉरमॅट.

की लागत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनखाली डिजिटल लायसन्स दिसतंय ना? मग की विचारल्यावर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय घ्या, होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रोच निवडा. नेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

हार्ड डिस्कची केबल काढूनच ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर बूटच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइली भलत्याच डिस्कवर जाऊन बसतात, हे मी कितीदा निस्तरलंय. ८ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज टाकण्यासाठी बनवा. त्यावरून संगणक सुरू करा, इन्स्टॉलचा प्रकार विचारल्यावर कस्टम निवडा, एसएसडीवरची सगळी पार्टिशन्स डिलीट करा, उरलेल्या रिकाम्या, म्हणजे अनअ‍ॅलोकेटेड जागेवर नेक्स्ट.

आणि त्या जाहिरातींचं मूळ बहुतेक ब्राउजरच्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउजरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) असेल. नव्या विंडोजवर ब्राउजरला खातं जोडलंत की सिंक तेच एक्स्टेन्शन परत आणून ठेवेल. आधी एक्स्टेन्शन्सचं सिंक बंद करा.

निळीशाई:
एवढं करताय तर विंडोज ११ च टाका की. १० च्या सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

कॅबिनेट_उघडा:
सहावी पिढी ११ च्या यादीत नाही, इंटेलमध्ये आठवीपासून पुढे. १० टाकून वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करावी, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

अनुवादघर:
ताई, युनिकोडची (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठी टायपिंगची) कामंही असतील ना? नव्याने टाकलेल्या १० मध्ये मंगल फॉन्ट नसू शकतो. मग वर्ड त्याजागी निर्मला लावतो, ओळी सरकतात, पानं वाढतात. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या, मंगल येतो.

अक्षरजुळणी_बार्शी:
रविवारी दुकान बंद ठेवून केलं. लपलेल्या फोल्डरात ११ फॉन्ट निघाले, त्यातले दोन मी रोज वापरते! भावाच्या लॅपटॉपवर टाकून वर्डपॅडमध्ये एकेक तपासला, जोडाक्षरांसकट.

पार्टिशन्स डिलीट करताना हात थरथरत होता, पण यादीत एकच डिस्क होती म्हणून धीर आला. की विचारली, पर्याय घेतला, नेट जोडल्यावर अ‍ॅक्टिव्हेट झालं. मंगल खरंच नव्हता, अनुवादघर, तुमच्यामुळे पतसंस्थेचा अहवाल वाचला. सिंक बंदच ठेवलंय, जाहिराती गेल्या.

पेजमेकर टाकल्यावर सगळ्यात आधी गुरुजींच्या संग्रहाची फाइल उघडली. १४० च्या १४० पानं पाहिली. सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत.